पिठातली पावलं

१

चर्चमधल्या फरशीचे दगड उचकटून भिंतीला टेकवून ठेवले होते आणि खालचा खड्डा रिकामा होता. याच खड्ड्यात आठवडाही झाला नव्हता, क्रिस्तोबाल कुराकाला आम्ही सगळ्यांनी मिळून उतरवलं होतं. चाकायबांबाचा मुखिया होता तो, म्हातारा आणि हट्टी. गावाची काठी त्याने तीस वर्षं कुणाच्या हातात जाऊ दिली नव्हती. आता त्याचं प्रेतच नाहीसं झालं होतं.

न्यायाधीश बर्नाबे खड्ड्याच्या काठावर उभे राहून हसत होते. लिमाहून त्यांना डोंगरातली मूर्तिपूजा खणून काढायला पाठवलं होतं, आणि गेले तीन आठवडे गावाने त्यांच्या हाती एक फुटकी मूर्तीसुद्धा लागू दिली नव्हती.

"मिळाला," ते म्हणाले.

"काय मिळालं, सरकार?"

"पुरावा, गास्पार. एवढं मोठं भोक दिसत नाही तुला?"

दिसत होतं. या डोंगरातल्या माणसांना आपली माणसं चर्चच्या फरशीखाली ठेवायला आवडत नाही. छातीवर माती, वर दगड, प्यायला घोटभर कुणी देत नाही, त्यांचा जीव गुदमरतो म्हणतात. म्हणून लोक त्यांना गुपचूप काढतात, धुतात, नवं कापड नेसवतात आणि कड्यातल्या कपारीत वाडवडिलांशेजारी बसवतात. दुसऱ्या गावांत सरकारने असे कडे शोधून जाळले होते. चाकायबांबाचा कडा कुठे आहे, हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

माझा बाप सेव्हिलचा खेचरवाला, आई याच डोंगरांतली. गावाची केचुआ सरकारच्या कानात स्पॅनिश करून ओतायची आणि सरकारची स्पॅनिश गावाच्या कानात, एवढंच माझं काम. मी जीभ भाड्याने दिलेला माणूस. पोटाला मिळतं, मान मिळत नाही.

सरकारने मेलेल्याच्या मुलीला बोलावलं. इनेस चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. दोन शिपायांच्या मध्ये चालत आली आणि तिने खड्ड्यात वाकून पाहिलं. मी तिच्या तोंडाकडेच पाहत होतो. तिथे भीती नव्हती. आधी आश्चर्य होतं, आणि मग, खोटं कशाला सांगू, आनंद होता.

"विचार तिला, हे कुणी—"

मी तोंड उघडायच्या आत इनेस म्हणाली, "मी काढलं."

२

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. रविवारपर्यंत प्रेत कुठे आहे ते सांगितलं नाही, तर चौकात शंभर फटके, डोक्याचं मुंडण, आणि लिमाच्या सांताक्रूझच्या तुरुंगात रवानगी. त्या तुरुंगातून डोंगरात परत आलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. सांताक्रूझ हा शब्द मी तिला केचुआत सांगितला तेव्हा तिने फक्त शालीची पिन नीट केली.

पहारा तिच्याच घरी बसवला. दुसऱ्या दिवशी तिला बोलतं करायला सरकारने मलाच पाठवलं.

"ये, भाड्याच्या," ती म्हणाली. "उंबऱ्यावरून लांब पाय टाक. खाली पीठ आहे."

खोलीभर मक्याचं पीठ पसरलेलं होतं. कुणी मेलं की पाचव्या रात्री घरात पीठ टाकतात आणि घरचे सगळे बाहेर जागत बसतात. मेलेला माणूस एकदा घर बघायला येतो आणि पिठावर त्याची पावलं उमटतात, असं लोक मानतात. बहुतेक वेळा उंदराशिवाय कुणी येत नाही. लोक ते उंदराचे ठसेही कौतुकाने बघतात.

"मग? आले का बाबा?" मी उगाच विचारलं.

इनेसने कोपऱ्यातली पालथी टोपली उचलली. खाली पाऊल होतं. माणसाचं, अनवाणी, अगदी स्वच्छ उमटलेलं. बाजूला तिने कोकाची पानं आणि वाटीभर मक्याची दारू ठेवली होती.

"मागच्या दाराने आले," ती हळू आवाजात म्हणाली. "पेटीपर्यंत गेले आणि परत गेले. बाकीची पावलं पोरांनी तुडवली, हे एक मी झाकून ठेवलं. पेटीत त्यांच्या कपड्यांचं गाठोडं होतं. काल सकाळी नदीवर नेऊन धुवायचं होतं. गाठोडं सुटलेलं, आणि आतला शर्ट नाही. थंडी वाजत असेल त्यांना. शर्ट घेऊन गेले."

"गाठोडं आधी कुणी सोडलं होतं?"

"वेडा आहेस का? नदीवर जाईपर्यंत ते सोडतात का कधी? पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीने बांधून दिलं, तसंच ठेवलं होतं."

क्रिस्तोबाल पाद्रीच्या घरी मेला होता. लिमाहून येऊन तिथे उतरलेल्या आपल्या मुलाला, फेलिपेला, भेटायला गेला आणि छातीत कळ येऊन तिथेच आडवा झाला, असं सांगत होते.

"इनेस, प्रेत गेलं ती पिठाचीच रात्र. तू अख्खी रात्र अंगणात बायकांमध्ये बसली होतीस. चर्चला कुलूप, किल्ली पाद्रीच्या घरी खुंटीला. तू कसं काढलंस त्यांना?"

"काढलं."

"मग ठेवलंस कुठे?"

तिने दारूची वाटी पावलाजवळ सरकवली.

"कुणासाठी मार खातेस, बाई?"

तिने खिडकीतून पाद्रीच्या घराकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "आमच्या घरात अजून मुलगा आहे," ती म्हणाली. "एवढं कळलं मला. आता शंभर मारा नाहीतर दोनशे."

मी टोपली परत झाकायला वाकलो आणि तसाच थांबलो. त्या पावलात काहीतरी चुकीचं होतं. काय ते कळेना, पण चुकीचं होतं.

३

ओढ्यावर बायका लोकर धूत होत्या. मी एका दगडावर बसून बूट काढले. उगाच नाही, मला विचार करायचा होता आणि पाय दुखत होते.

"बघा गं, भाड्याच्याला पण पाय आहेत!" एक जण ओरडली.

"कसले ते पाय! उकडलेल्या मुळ्यासारखे!"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसलो आणि पाण्यातल्या त्यांच्या पायांकडे पाहिलं. रुंद, काळपट, बोटं एकमेकांपासून सुटी, अंगठा बाहेरच्या बाजूला उघडलेला. जन्मभर खडकावर चाललेले पाय. क्रिस्तोबालचेही तसेच होते. तो कुराका होता, मखमलीचा अंगरखा घालायचा, पण पायात कधी वहाणेपलीकडे काही गेलं नाही.

मग मी माझे पाय पाहिले. बोटं गच्च चिकटलेली, अंगठा आत वळलेला, करंगळी शेजारच्या बोटाखाली दडपलेली. लहानपणापासून बापाने बुटात कोंबलेले पाय.

पिठातलं पाऊल असंच होतं.

मेलेला माणूस कुठल्याही रूपात येत असेल, मला त्यातलं कळत नाही. पण मेल्यावर त्याच्या पायाची बोटं आखडत नसतील. पिठातून चालला होता तो जिवंत माणूस होता. आवाज होऊ नये म्हणून त्याने बूट काढून हातात घेतले होते, आणि अंधारात पायाखाली पीठ आहे हे त्याला कळलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावात असं पाऊल दिसलं असतं तर चोर चोर म्हणून बोंब झाली असती. इथे लोकांनी त्याला दारू वाढली.

चाकायबांबात बूट घालणारे चारच जण. शिपाईसुद्धा डोंगरातलेच, वहाणांवर चालणारे. न्यायाधीश, पाद्री आन्सेल्मो, मेलेल्याचा मुलगा फेलिपे, आणि चौथा मी.

४

पाद्री आन्सेल्मो उशांच्या ढिगावर पाय ठेवून पडला होता. अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला होता. संधिवाताने त्याला महिनाभर जमिनीवर पाय टेकू दिला नव्हता. मिस्सेच्या प्रार्थनेसाठीसुद्धा दोन माणसं त्याला खुर्चीतून उचलून नेत.

"हात लावू नकोस!" तो किंचाळला. "लांबूनच बघ! वाराही लागतो त्याला!"

त्याचं नाव माझ्या मनातून गेलं. न्यायाधीशांचं आधीच गेलं होतं. ते माझ्याच खोलीत झोपतात, आणि त्या रात्री त्यांच्या घोरण्याने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"पाद्रीबाबा, कुराका मेला तेव्हा तुम्ही घरातच होतात."

"घरात म्हणजे इथे. या खाटेवर. ते दोघं पलीकडच्या खोलीत."

"दोघं म्हणजे बाप आणि फेलिपे?"

पाद्रीने छताकडे पाहिलं. "हो. मुलगा माझ्याकडेच उतरलाय. सुसंस्कृत मुलगा आहे. नवा कुराका तोच होणार. माझ्या विणकामाच्या मागांवर बसायला माणसं देतो म्हणालाय, बापाने कधी दिली नाहीत."

"भांडण झालं का त्यांचं?"

"मला केचुआ फारशी येत नाही."

"बावीस वर्षं या गावात आहात."

"मोठ्याने बोलत होते," तो शेवटी पुटपुटला. "म्हातारा म्हणत होता, ज्याला आपल्या मेलेल्यांशी बोलता येत नाही त्याला काठी देणार नाही, मुलीला देईन. रविवारी सगळ्यांसमोर सांगेन. मग एकदम शांत झालं. थोड्या वेळाने मुलगा आला आणि म्हणाला, बाबा गेले. त्याने स्वतःच्या हाताने कफन शिवलं. लिमात असंच शिवतात म्हणाला. स्वयंपाकीण बापाच्या कपड्यांचा बोळा न उलगडताच गाठोड्यात बांधून घेऊन गेली होती, त्यावरून तिला ओरडला. दुःखात माणूस ओरडतो."

"तुम्ही प्रेत पाहिलं?"

"शिवल्यावर पाहिलं."

मागे दार वाजलं. फेलिपे होता. आठव्या वर्षी त्याला कुराकांच्या मुलांसाठीच्या शाळेत लिमाला नेलं, आणि अठरा वर्षांनी, मागच्या महिन्यात, तो परत आला. पांढरी कॉलर, रेशमी मोजे, चकचकीत काळे बूट. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

मी त्याला केचुआत सांत्वनाचे दोन शब्द म्हणालो.

"स्पॅनिश बोल," तो म्हणाला. "ती भाषा मी विसरलो."

"बहिणीला शंभर फटके ठरलेत, साहेब."

"ऐकलं. अडाणी आहे ती. न्यायाधीशांना माझ्यातर्फे सांग, थोडी दया दाखवा." त्याचा आवाज जराही हलला नाही. "पन्नास पुरेत."

"हाताला काय झालं?"

"शेगडी लागली."

शेगडीने भाजलं तर कातडी लाल होते, फोड येतात. फडक्याबाहेर आलेली त्याची बोटं पांढरी पडून चिरली होती. असे हात मी घंटाघर बांधणाऱ्या गवंड्यांचे पाहिले होते.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसेना. मुलाने बापाला कपारीत नेऊन ठेवलं असेल, तर इनेस म्हणते तेच खरं. चुकलेला मुलगा घरी आला. मग मी कशाला नाक खुपसतोय?

५

गावाच्या वरच्या अंगाला, लामांच्या वाड्याच्याही वर, चुकीआजी राहते. ती काय राखते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मी गेलो तेव्हा ती उन्हात बसली होती. मांडीवर नवं विणलेलं कापड, शेजारी दारूचं मडकं, धुण्यासाठी पाण्याच्या घागरी भरून ठेवलेल्या.

मी काही विचारायच्या आधीच तिने मला झापलं.

"काय रे, तुम्हा लोकांना लाज आहे का? त्याला खड्ड्यातून काढलं म्हणे. मग आणत का नाहीत? मी केव्हाची बसलेय इथे! दारू आंबून चालली!"

मी खालीच बसलो.

"आजी, त्याला तुझ्याकडे आणलंच नाही?"

"आणलं असतं तर अशी ओरडले असते का? आणि माझ्याशिवाय वर नेणार कोण? धुणार कोण? इथे येणारा प्रत्येक जण माझ्या हातून जातो. डोकं, पाठ, बोटांच्या बेचक्या. अंगावरचा एक तीळ माझ्यापासून लपत नाही."

"हे फेलिपेला ठाऊक आहे?"

"न असायला काय झालं? त्याच्या आईला आणलं तेव्हा सात वर्षांचा होता. माझा पदर धरून उभा होता इथेच. पाणी त्यानेच ओतून दिलं." तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पोर आता कसं आहे? जेवतं का नीट?"

मी काहीतरी बरं उत्तर दिलं. कफन एकदा शिवलं की चर्चच्या फरशीखाली ते अंग कुणी पाहिलं नसतं. पाहणारी एकच होती, ही म्हातारी. घरचे त्याला काढणार आणि ही त्याला धुणार, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच आधी जाऊन प्रेत पळवलं. धुण्याच्या आदल्या रात्री शर्टही त्यानेच नेला. दोन्हींवर एकच गोष्ट दिसली असती.

इनेस ज्याच्यासाठी पाठ सोलून घ्यायला निघाली होती, त्याने तिच्या बापाला मारलं होतं.

आणि हे सिद्ध करताना चुकीआजीचं नाव माझ्या तोंडून निघालं, तर सरकार थेट या कड्यावर येतील. मी ठरवलं, कड्याचा शब्दसुद्धा काढायचा नाही. फक्त पायांवर बोलायचं.

६

रविवारी फटक्यांचा खांब चौकात रोवला होता. सरकार शेवटचं विचारत होते. इनेस खांबाकडे बघत उभी होती.

"सरकार," मी म्हणालो, "शिक्षेआधी एकदा हिच्या घरी चला."

"तुला भाषांतराला ठेवलंय, गास्पार. बोलायला नाही."

"आज माझं स्वतःचं बोलतो. पसंत नाही पडलं तर माझे पैसे कापा."

त्यांना गंमत वाटली असावी. सगळे इनेसच्या घरी गेले. फेलिपेही आला. पाद्रीला खुर्चीतून आणलं. मी टोपली उचलली आणि पिठाची रीत सांगितली. सरकारने कपाळाला हात लावला.

"भुताचं पाऊल दाखवायला आणलंस मला?"

"भुताचं नाही. बघा सरकार." शेजारी मी ताजं पीठ पसरलं. "इनेस, पाय ठेव."

तिचं पाऊल पंख्यासारखं पसरून उमटलं. गावातल्या पाचसहा जणांना मी पुढे केलं, सगळी पावलं तशीच. मग मी माझे बूट काढून पाय ठेवला. बोटं चिकटलेली, पण पाऊल फारच लांब. लोक पुढे सरकून पाहायला लागले.

"इथे आलेला माणूस लहानपणापासून बुटात वाढलाय, सरकार. तुम्ही त्या रात्री माझ्या शेजारी घोरत होतात, माफ करा. पाद्रीबाबांना पाय टेकता येत नाही. राहिले एक."

"मी बूट काढणार नाही," फेलिपे म्हणाला. "मी कुराका आहे."

"अजून नाहीस," सरकार म्हणाले. त्यांचे डोळे आता जागे झाले होते. "काढ."

त्याने काढले. पाऊल पावलावर ठेवल्यासारखं जुळलं, दडपलेल्या करंगळीसकट.

तेव्हा इनेस रडायला लागली. आनंदाने. "हो!" ती ओरडली. "हो, माझ्या भावाने नेलं बाबांना! विसरला नाही तो! मी सांगितलं होतं ना सगळ्यांना, त्याला नुसती कॉलर घातलीय, आतून आपलाच आहे म्हणून! गास्पार, सांग त्यांना, आम्हा दोघांना मारा म्हणावं!"

मी ते भाषांतर केलं. कसं केलं ते मला माहीत नाही.

"नेलं खरं," मी मग म्हणालो. "पण कुठे, ते त्याच्या हाताला विचारा. ते शेगडीचं भाजणं नाही. चुन्याचं आहे."

"गप्प बस, गास्पार," इनेस हळूच म्हणाली. तिला काहीतरी जाणवलं होतं.

घंटाघरासाठी चर्चच्या मागे चुना विझवायचा मोठा खड्डा होता. गवंड्यांनी लांब दांड्यांची फावडी आत घातली. थोड्याच वेळात कफनाची शिवण वर आली, बरोबर गुंडाळलेला शर्टही. शर्टाच्या पाठीला सुरीचं भोक होतं आणि भोकाभोवती वाळलेलं काळं रक्त. प्रेताच्या डाव्या खांद्याखालीही तेवढीच जखम होती.

इनेस खाली बसली आणि आपल्या घागऱ्याच्या टोकाने बापाच्या तोंडावरचा चुना पुसायला लागली. मग तिने फेलिपेकडे पाहिलं.

"थंडी वाजली म्हणून शर्ट नेला," ती म्हणाली. "असं मी सगळ्या गावाला सांगत फिरले."

तो भाषा विसरलो म्हणाला होता. तरी त्याला ते कळलं. त्याचा चेहरा एकदम सात वर्षांच्या पोराचा झाला, आणि लगेच परत बंद झाला. तो सरकारकडे वळला आणि सुंदर, लिमाच्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "मला तुमच्याशी एकांतात बोलायचंय. महत्त्वाचं आहे."

मी सवयीने त्यांच्या मागे निघालो.

"तू नको," सरकार म्हणाले. "इथे दुभाष्याची गरज नाही."

मी दाराबाहेर उभा राहिलो. लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. फटक्यांच्या खांबावर पोरं चढून खेळत होती. आतून आवाज येत नव्हता, आणि मला त्या शांततेची भीती वाटायला लागली. एका खुन्याकडे न्यायाधीशाला देण्यासारखं काय असू शकतं, हे मी चुकीआजीच्या दारातच ओळखायला हवं होतं.

दार उघडलं. सरकारचा हात फेलिपेच्या खांद्यावर होता.

७

निकाल मीच वाचून दाखवला. वाद झाला, झटापटीत म्हातारा स्वतःच्याच सुरीवर पडला, घाबरून मुलाने लपवलं. फेलिपेने वर्षभर शुक्रवारी उपास करावा आणि मेणबत्ती घेऊन चर्चला प्रदक्षिणा घालावी. गावाची काठी त्याच्याकडे. इनेस निर्दोष, तिने घरी जावं. तिला एकही फटका बसणार नाही.

लोकांना आधी वाटलं मी चुकलो. मग त्यांनी शिपायांना दोर आणि कुऱ्हाडी घेऊन वरच्या वाटेला लागताना पाहिलं. पुढे फेलिपे होता. त्याने एकदाही वाट विचारली नाही.

संध्याकाळपर्यंत चौकात सगळे आणून ठेवले होते. गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, कापडात गुंडाळलेले, काही इतके जुने की हात लावताच कापडाचा भुगा होत होता. गावातल्या प्रत्येक घराचे पूर्वज. काही बाया त्यांना नावाने हाका मारत होत्या, जशा जेवायला बोलावतात तशा. चुकीआजी त्यांच्यामध्ये बसली होती आणि दोन शिपाई तिला दंडाला धरून ओढत होते. सांताक्रूझला कुणीतरी जायचंच होतं. क्रिस्तोबालला परत फरशीखाली पुरून वर गवंड्यांकडून चुना ओतून घेतला होता.

इनेस माझ्याजवळ आली. तिच्या बाहीवर अजून पांढरे डाग होते.

"लोक म्हणतात, तू मला वाचवलंस."

मी मान खाली घातली.

"पाठ भरून आली असती, गास्पार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "महिन्याभरात भरली असती. लिमात मेले असते तरी मला भाऊ होता. बाबा कपारीत आहेत असं वाटत होतं. आई तर होतीच. तुला कुणी विचारलं होतं?"

"त्याने खून केला होता, इनेस."

"मग ते मला सांगायचं होतंस. मला. त्यांना नाही."

मला खरं शोधता आलं, याचा मला त्या सकाळी अभिमान वाटला होता.

लाकडं पेटली. जुनं कापड भराभर जळतं. काठी हातात घेऊन फेलिपे सरकारच्या उजव्या बाजूला उभा होता आणि आगीकडे न बघता पलीकडे बघत होता. सरकारने मला पुढे बोलावलं.

"सांग यांना," ते म्हणाले, "की ही नुसती हाडं आहेत. यांना ऐकू येत नाही, तहान लागत नाही, ही कुणाची कुणी नाहीत."

मी सांगितलं. माझ्या आईच्या भाषेत, मोठ्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. ते माझं कामच होतं.

मग इनेस पुढे आली, आगीची धग तोंडावर येईल इतकी पुढे, आणि सरकारकडे बघत मला म्हणाली, "विचार त्यांना, यातली माझी आई कोणती. अजून पेटली नसेल तर तिला थोडं पाणी देते."

"काय म्हणते ती?" सरकारने विचारलं.

फेलिपेने मान फिरवली. त्याला कळलं होतं. तो काही बोलला नाही.

"काही नाही, सरकार," मी म्हणालो. "रडतेय."

ती रडत नव्हती. हातात वाटी घेऊन उत्तराची वाट बघत उभी होती.